परिचयाचा चौथा परिच्छेद

१२ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा रक्तदाब, दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालते.

तुमच्या गौरवग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे तुमचा परिचय मागितला आहे. तीन परिच्छेद सहज झाले. कारकुनाचा मुलगा, शिकवण्या घेत एम.ए.; सत्तावीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र; मजुरांची मुलं शाळा का सोडतात यावरचं पुस्तक. मामीला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "जन्मभर सरासरी शिकवली, आणि घरात एक तर तोंडाला कुलूप, नाहीतर तासभर व्याख्यान. हेपण लिही."

लिहिलं.

चौथा परिच्छेद सरकारच्या शाळा समितीचा; तुम्ही अध्यक्ष, आकडेमोड माझ्याकडे. तो आठ दिवस अडला होता.

समितीच्या पाहणीत पालकांना एक प्रश्न होता, वर्षात मुलाची शाळा किती दिवस बुडाली? उत्तर मिळालं नाही तर ९९ लिहायचं, ही तुमचीच पद्धत. ते ९९ सरासरीत धरायचे नसतात. मी धरले. लहान शाळांतल्या पालकांनी सर्वांत कमी उत्तरं दिली होती, म्हणून त्यांचीच मुलं सर्वांत जास्त गैरहजर दिसली. त्या अहवालावरून बावीस लहान शाळा बंद झाल्या. ज्यांच्यासाठी तुम्ही जन्मभर भांडलात, त्याच.

अहवाल छापायला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही जिन्यातून विचारलंत, "काय गं, नव्व्याण्णव वगळलेस ना सगळे?"

"हो मामा, कधीच."

मी फाईल उघडलीही नव्हती. मला नोकरीच्या मुलाखतीला पोचायचं होतं.

चूक वर्षभराने बाहेर आली. तोवर शाळांच्या इमारती विकल्या गेल्या होत्या. तुम्ही पत्रकारांना सांगितलंत, "आकडे मी तपासले होते. चूक माझी." आणि समितीचा राजीनामा दिलात. मी मागे कागद धरून उभी होते. परतताना गाडीत म्हणालात, "नोकरीत कायम झालीस ना? मग हस की जरा."

मी हसले, मामा.

त्याला सहा वर्षं झाली. आज परिच्छेद पूर्ण केला. त्यात तुमचा प्रश्न, माझं उत्तर आणि माझं नाव आहे. तुम्ही तो खोडाल हे माहीत आहे, म्हणून आधी संपादकांकडे पाठवला, एक प्रत माझ्या ऑफिसात दिली, आणि मगच हे पत्र लिहायला बसले.

यानंतर मी घरी यावं की नाही, हे तुम्ही ठरवा. मामीला विचारू नका. ती लगेच हो म्हणेल.

तुम्ही पाठीशी घातलेली,
भाची