तिसरी टाकी

३ मार्च, सोमवार

तांबं! महाराणींना तांबंच हवंय!

आज सासऱ्यांच्या बंद पडलेल्या लाँड्रीत चौघं उभे होतो – सासरे, माझा नवरा, मी आणि थोरल्या जाऊबाई, म्हणजेच महाराणी. जिथे इतकी वर्षं चादरी धुतल्या तिथे आता बिअर करायची, एवढ्यावर घराचं एकमत आहे. पुढे सगळी बोंब. जाऊबाईंनी मोबाइल सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. काचेमागे चकचकीत तांब्याची भांडी, त्यांच्याखाली दिवे. म्हणे, "गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी पितं."

मी म्हटलं, "आणि पुन्हा यायचं की नाही ते जिभेने ठरवतं."

सासरे हसले. ती हसली नाही. बरं वाटलं.

बिअर येते कोणाला? मला. लग्नाआधी चार वर्षं एका म्हाताऱ्याच्या बिअरच्या कारखान्यात माल्टची पोती उचललीत, टाक्या घासल्यात, हात पोळून घेतलेत. हिने आयुष्यात स्वतःच्या कपातली साखर तरी ढवळली असेल का! पण थोरली ना. तिने तोंड उघडलं की या घरात माना डोलायला लागतात.

शेवटी सासरे म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी नकोत. जिची यंत्रं घेऊ, तिच्या हातात कारखान्याची चावी. दुसरीने गल्ला आणि गिऱ्हाईक बघायचं." 

म्हणजे हरले तर मी काउंटरवर उभी राहून गोड हसायचं आणि ही माझ्या बिअरचं तापमान ठरवणार. मेले तरी नाही.

५ मार्च

म्हाताऱ्याचा फोन! कारखाना बंद करतोय. गुडघे गेले म्हणाला. आंबवणाच्या तीन स्टीलच्या टाक्या विकायच्यात. "बाहेर बोलण्याआधी तुला विचारतोय, पोरी."

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणे, "वहिनीला एकदा विचारून बघ."

वहिनीला विचारून श्वास घेतोस का रे बाबा?

८ मार्च, शनिवार

आजचा दिवस फ्रेम करून लावावा असा!

जाऊबाईंच्या त्या तांब्याच्या टाक्यांच्या दुकानात गेलो. विक्रेता कोटात. तांब्याला हात लावायचा तर आधी हात पुसा म्हणाला. तांबं नुसतं बाहेरून, बरं का – आत स्टीलच. मी बूट काढले, बॅटरी घेतली आणि टाकीच्या तोंडातून सरळ आत. विक्रेता "मॅडम, मॅडम" करत राहिला. नवऱ्याला तोंडाशी उभं केलं. टाकीत एकट्याने कधी शिरायचं नाही, बाहेर एक माणूस हवाच – ही म्हाताऱ्याची पहिली शिकवण.

मग कापसाचा बोळा काढला आणि वेल्डिंगच्या सांध्यावरून फिरवला. सांधा गुळगुळीत असला तर कापूस सरकत जातो. खरखरीत असला तर तंतू अडकतात. आणि जिथे तंतू अडकतो तिथे घाण अडकते, कितीही धुवा निघत नाही, मग पुढची बिअर आंबट. पहिल्याच वितीवर कापूस अडकला! बॅटरी मारली तर पांढरी दाढी लटकलेली.

बाहेर येऊन उरलेला बोळा जाऊबाईंच्या हातावर ठेवला. "घ्या, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा."

ती लाल झाली. विक्रेताही. पण हात झटकला नाही तिने. विचारलं, "म्हणजे कापूस अडकला की टाकी बाद?" मग मी मास्तरीण! सगळं सांगितलं, सांधा कसा शोधायचा, बॅटरी कशी तिरकी धरायची. ती मुकाट ऐकत होती. तोंड एवढंसं झालं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत मी गुणगुणत होते.

१० मार्च

म्हाताऱ्याकडे गेले. तिन्ही टाक्या जागेवर, जुन्या मैत्रिणींसारख्या. पहिलीच्या झडपेवर अजून माझ्या हातची निळी खूण आहे. तिच्यावरून बोट फिरवलं.

खिशात बोळा होता. काढला नाही. ज्या टाक्या चार वर्षं रोज धुतल्या त्यांना काय तपासायचं? म्हातारा म्हणाला, "तू गेल्यावर तिसरीला पोचा आला होता. डागडुजी करून घेतली. बघायचं तर आत्ताच बघ. गेटबाहेर गेल्या की तुझ्या, मग परत घेणार नाही."

मी म्हटलं, "तुमच्यावर विश्वास नाही तर कोणावर ठेवू?" तो खूश झाला. चहा पाजला.

११ मार्च

सकाळी सगळ्यांसमोर, पोळीवर तूप लावता लावता जाऊबाई – "काय गं, म्हाताऱ्याच्या टाक्यांना लावलास का कापूस?"

किती गोड आवाज! सुरीवर मध.

"हो तर. तिन्हींना," मी म्हटलं.

काय करणार? नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं असतं. आणि खोटं कुठे आहे? त्या टाक्या मला पाठ आहेत.

१३ मार्च

महाराणी आज एकट्याच म्हाताऱ्याच्या कारखान्यात जाऊन आल्या. टाक्या लाँड्रीच्या दारातून जातील का ते मोजायला म्हणे. टेप घेऊन! जणू मला मोजता येत नाही. आल्या त्या लंगडत. गुडघा खरचटलेला, केसात जळमट.

"पायरीवरून घसरले," म्हणाली.

मी हळद दिली. मनातल्या मनात पायरीला हात जोडले. ती आरशासमोर बसून गुलाबी बोळ्याने जखम पुसत होती – नखांचा रंग काढायचा तिचा तो डबा, त्यातला. साधा पांढरा कापूसही हिला चालत नाही!

१६ मार्च, रविवार

जिंकले!!

सासऱ्यांनी बैठक बोलावली. मी भांडायच्या तयारीने गेले होते, रात्रभर मुद्दे घोकले होते. आणि जाऊबाई म्हणतात काय – "हिच्याच टाक्या घ्या. मला त्यातलं काय कळतं?"

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्यावर जादूटोणा केलाय.

मग ती म्हणाली, "फक्त एक. उद्या टाकीत खोट निघाली तर?"

माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "खोट निघाली तर त्याच दिवशी चावी तुमच्या हातात, आणि मी काउंटरवर. लिहून देऊ?"

"लिहायचं कशाला? बाबांनी ऐकलंय की," ती म्हणाली.

सासरे म्हणाले, "ठरलं." चावी माझ्यासमोर सरकवली. जड आहे, जुनी पितळी. नवरा नंतर म्हणाला, "वहिनीचं मन मोठं आहे हं." मन मोठं! नाइलाजाला हा माणूस मन म्हणतो. कापसाने जिरली तिची, दुसरं काय?

तरी एक गोष्ट सलतेय. उठताना ती माझ्याकडे बघून हसली. मला तिचं चिडणं पाठ आहे, रुसणं पाठ आहे. हे हसू माहीत नाही.

२२ मार्च

टाक्या आल्या! दारातून दोन बोटांचं अंतर राखून आत. टेपबाईंचं माप बरोबर निघालं, हे लिहायला जिवावर येतंय. हमाल गेल्यावर तिन्हींच्या पाठीवर थाप मारली. उद्या धुलाई, परवा पहिली बिअर. धुण्याआधी एकदा आत नजर टाकावी म्हणते. सवय म्हणून, आणखी काही नाही.

नवऱ्याला तोंडाशी उभं राहायला सांगितलं तर त्याला उद्याच पाठदुखी. जाऊबाई पुढे झाल्या, "मी राहते की उभी." फारच प्रेम ऊतू चाललंय.

२३ मार्च

पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसरीत शिरले, डागडुजीच्या सांध्यावर बॅटरी तिरकी धरली. माझा बोळा अजून खिशातच होता. सांध्यावर आधीच कापूस अडकलेला होता. गुलाबी.

तोंडाशी तिचा चेहरा आला. "सापडला का गं?"

मी तो गुलाबी तंतू चिमटीत धरून ओढला. निघेना.

"पॉलिशवाल्याला उद्याचं बोलावलंय मी. ये बाहेर, बाबा थांबलेत. आणि येताना चावी हातातच ठेव."