दहा कोटी एकचे अवयव

वालावल,
७ जानेवारी २०२५

ती. भाईस,
सीतेचा नमस्कार.

तू पुण्याला सुखरूप पोचल्याचा वहिनींचा फोन आला. इकडे सगळी बरी आहेत. काजू मोहरलाय. यांचा गुडघा तेवढा दुखतो.

रविवारी शाळेतला तुझा सत्कार छान झाला, एवढंच लिहायला बसले होते. लिहवत नाही.

पडद्यावर तू जुन्या वहीचं पान दाखवलंस. म्हणालास, "दहा कोटी एक या संख्येचे अवयव मी सतराव्या वर्षी पाडले. १७ गुणिले ५८८२३५३." मग त्या दुसऱ्या संख्येचे दोन तुकडे केलेस, ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग करून मिळवले की तीच संख्या परत येते! टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. तेवढ्यात शेजारी बसलेली माझी नात ऋता मोठ्याने म्हणाली, "आजी, ह्यो शेपटेचो सात तुझो मां?" सात लिहिताना मी खाली शेपूट काढते, ते ती रोज बघते.

तू ऐकलंस. पाणी प्यायलास.

प्रश्न विचारायची वेळ आली तशी तीच उठली. "सर, ५८८२३५३ ही मूळ संख्या आहे, हे तुम्ही कसं तपासलंत?"

"कॉम्प्युटरवर," म्हणालास.

भाई, पंचाहत्तर साली वालावलीत कॉम्प्युटर? २४२५ पर्यंतच्या एकेका मूळ संख्येने मी भागत बसले होते. साडेतीनशेच्या वर भागाकार! अख्खा उन्हाळा गेला. दिवसभर काजू फोडून बोटं सोललेली, पेन्सिल धरवत नव्हती. एकदा बाकी चुकली म्हणून चार पानं पुन्हा केली. कुणी सांगितलं नव्हतं मला. त्यात माझा जीव रमायचा. तू तेव्हा मळ्यात क्रिकेट खेळत होतास.

आणि गाडीत बसताना मलाच सांगतोस, "सीते, त्या चेडवाक जरा आवर. म्हातारपणी माझी शोभा करू नको." कुणी कुणाची शोभा केली रे?

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. यांनाही नाही. बाबांनी वही हातात घेऊन विचारलं होतं, "ह्यां कोणी केल्यान?" तू परीक्षेत नापास होऊन दाराआड उभा होतास. मीच म्हटलं, "भाईन." तुला पुढे शिकवतील म्हणून. शिकवलं. वाटलं, शिकायला जाण्याआधी तू बाबांना खरं सांगशील. वर्षभर वाट पाहिली. मग माझं लग्न ठरलं.

म्हणजे पहिलं खोटं माझंच. ते मी कबूल करते. पण ते नापास झालेल्या भावासाठी होतं. सगळ्या गावासमोर मिरवायला नव्हतं. पन्नास वर्षं गप्प होते, अजूनही राहिले असते. माझंच पान माझ्यासमोर लावताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

ऋताच्या बाईंनी येत्या सोमवारी मला वर्गात बोलावलंय. मुलांना भागाकार करून दाखवणार आहे. त्याआधी मुख्याध्यापकांना चार ओळी लिहून खरं काय ते कळव. नाही कळवलंस, तर मी सांगेन. माझं खोटंही सांगेन.

या खेपेला आशीर्वाद मागत नाही.

सीता