विमानाच्या दारातला प्रश्न

प्रिय टिटवी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण दुसरं नाव सुचेना. काडीसारखे पाय आणि घरभर घुमणारा आवाज, म्हणून मीच ठेवलेलं. तुझी आई बरी आहे. तुझा फोन आला की ती गॅलरीत जाते आणि दार लोटून घेते. मी आत वर्तमानपत्राचं तेच पान वाचत बसतो. तू आता एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसतेस आणि संध्याकाळी पाठ धरते, एवढं तिच्याकडून कळलं. पाठीमागे उशी घेत जा. याहून मोठं काही सांगायची माझी पात्रता राहिलेली नाही.

निवृत्त झालो तरी विमान कंपनी मला आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावते. तोच हॉल, तेच सरावाचं खोटं विमान, त्याच तीन रांगा खुर्च्या. मीही तोच, टेबलावर मूठ आपटणारा. तू शिकायला बसली होतीस तेव्हाचं भाषण अजून अक्षर न बदलता करतो. लॅपटॉप प्रवाशाच्या मांडीवर तापला, फुगला, धुरावला, तरी आपण त्याला पुरून उरू. पाणी ओता, ओतत राहा, पांघरूण टाकू नका, बर्फ लावू नका, उचलून पळू नका. पण तीच बॅटरी विमानाच्या पोटात पेटली तर तिथे हात पोचत नाही. तिथे आगीवर सोडतात तो वायू ज्वाळा विझवतो, बॅटरीच्या आतली आग नाही. म्हणून सुटी बॅटरी सामानात द्यायची नाही, जवळ ठेवायची, आणि तिची टोकं झाकून ठेवायची. आग डोळ्यांसमोर हवी, पायाखाली नको. हे वाक्य माझं, आणि आजही त्यावर माझा विश्वास आहे. माणसाने आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचावीत आणि त्यातून चार वाक्यं अशी कमवावीत की ज्यांसाठी भांडता येईल. मी भांडलो. वरिष्ठांशी, वैमानिकांशी, घाईतल्या प्रवाशांशी. नियम सैल करणाऱ्या कोणालाही मी कधी पाठीशी घातलं नाही.

त्या अभ्यासक्रमात आता सातवा धडा आहे. तुझा. नाव घालत नाहीत, ‘दारावरची कर्मचारी’ एवढंच म्हणतात. विमान भरलेलं, वरचे कप्पे तुडुंब, म्हणून शेवटच्या प्रवाशांच्या बॅगा दारातच घेऊन खाली पोटात पाठवल्या. बॅग घेताना आत लॅपटॉप, सुटी बॅटरी, पॉवर बँक आहे का, हे प्रत्येकाला विचारायचंच असतं. एका प्रवाशाला तिने विचारलं नाही, कारण तो तिचा बाप आणि तिचा गुरू होता. उड्डाणानंतर पाऊण तासाने खाली धूर झाला. विमान परत फिरलं, प्रवासी वाचले. पण पोटाचं दार उघडणाऱ्या कामगाराच्या छातीत तो धूर गेला. आज त्याला एक जिना चढायला तीनदा थांबावं लागतं. धड्याच्या शेवटी प्रश्न असतो: चूक कोणाची? पोरं-पोरी एका सुरात तुझ्याकडे बोट दाखवतात, आणि मी फळ्यावर टिंब देऊन पुढे जातो. चार वर्षं हेच चाललं आहे.

ती बॅटरी मी त्या बॅगेत का ठेवली होती, हे तुला मी कधी सांगितलंच नाही. दुसऱ्या शहरात व्याख्यान होतं. ती फुगलेली, उघड्या टोकांची बॅटरी मी वर्गात दाखवायला वापरायचो, ‘अशी बाळगू नका’ म्हणून. दहा वर्षं तीच हातात नाचवत आलो होतो. माझ्या लेखी ती बॅटरी राहिलीच नव्हती, खडू-डस्टरसारखी शिकवायची वस्तू झाली होती. बॅगेच्या बाजूच्या खिशात टाकली, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी. तिच्यात एवढा जीव शिल्लक असेल असं मला वाटलं नाही. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला भर वर्गात उभं करून सोलून काढलं असतं.

चौकशीच्या दिवशी तू माझ्या आधी आत गेलीस. बाहेर आलीस तेव्हा चेहरा पांढरा होता, पण मला म्हणालीस, “बाबा, विचारतील तेवढंच बोला. भाषण करू नका.” मी आत गेलो. तिघं बसले होते. अध्यक्षांनी तुझा जबाब वाचून दाखवला: मी विचारलं नाही. मग मला विचारलं, हे बरोबर आहे का? टिटवी, मी ‘हो’ म्हणालो नाही. नुसती होकाराची मान हलवली. आणि मग वीस मिनिटं बोललो. नियमाला नाती नसतात, म्हणालो. जो बापाला सूट देतो तो उद्या सारं विमान आगीत लोटेल, म्हणालो. माझ्या लेकीच्या जागी दुसरी असती तर मी जी शिक्षा मागितली असती तीच आज मागतो, असंही म्हणालो. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. वर्षभराने अध्यक्ष एका समारंभात भेटले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आम्ही तिला ताकीद देऊन सोडणार होतो हो, पण तुमचं ऐकल्यावर सोडलं असतं तर आम्हालाच लाज वाटली असती.

तू ताकिदीचाच हिशेब केला होतास ना? माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. बापाची अब्रू वाचेल, आपल्याला एक कागद मिळेल, संपेल. तुझ्या हिशेबात माझी जीभ नव्हती, आणि तिनेच तुझी नोकरी घालवली.

गेल्या मंगळवारी सातव्या धड्याला मी खडू खाली ठेवला आणि सांगून टाकलं, तो बाप मीच. तिने विचारलं होतं. दारात उभी राहून, सगळ्यांना विचारत होती त्याच आवाजात, “सर, बॅगेत सुटी बॅटरी आहे का?” आणि मी मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, “अगं, हा प्रश्न नियमात लिहिला कोणी? मीच ना?” लोक हसले. ती हसली नाही. तिने पुन्हा विचारलं, “सर, आहे की नाही?” आणि मी म्हणालो, “नाही.” मग मागची एक मुलगी डोळे पुसत उठली आणि टाळ्या वाजवू लागली, पाठोपाठ सगळा वर्ग. बाप असावा तर असा, म्हणाले. मी ओरडलो, हे खरं आहे, मी खोटं बोललो होतो. त्यावर टाळ्या वाढल्या. कार्यालयात लेखी दिलं, तर साहेबांनी चहा मागवला आणि तू सही केलेल्या जबाबावर अपील करायची मुदत केव्हाच सरली, हे हळू आवाजात समजावलं. शेवटी त्या कामगाराच्या घरी गेलो. त्याने खोकला आवरेपर्यंत मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, लेकीसाठी बाप एवढं करणारच. माझा तिच्यावर राग नाही.” त्याने तुला माफ केलं, टिटवी. जे तू केलंच नाहीस त्याबद्दल. आणि माझ्यावर रागवायला तो काही केल्या तयार होईना.

चाळीस वर्षं बोलण्यावर जगलो. लोकांना पटवणं हाच माझा धंदा. आता जे एकमेव खरं सांगायचं होतं ते कोणालाही पटत नाही, आणि मी जितकं जीव तोडून सांगतो तितकी तुझी चूक पक्की होत जाते. पुढच्या आठवड्यापासून सातवा धडा दुसरा शिक्षक घेईल आणि त्यात मुलीला वाचवायला धडपडणारा म्हातारा बापही असेल. क्षमा मागायला मी लिहीत नाही, आणि तू परत ये म्हणायला तर नाहीच. तू विचारलं होतंस, दोनदा विचारलं होतंस, हे सांगितल्यावर टाळ्या न वाजवता नुसतं ‘हो’ म्हणेल असं या जगात एकच माणूस आहे, म्हणून तुला लिहितो आहे. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

तुझाच,
दारात ‘नाही’ म्हणालेला
बाबा