आईच्या गाण्यांवर दिलेला होकार

प्रिय प्रेमानंद,

सप्रेम जय भीम. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या वर्गातल्या पुष्पांजलीकडून मिळवला. फोनवर माझं नाव पाहून तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

जानेफळात तूर सोंगून झाली. बाबांचे गुडघे आता विहाराच्या पायऱ्याही चढू देत नाहीत. आईच्या गळ्यातली गाठ दिवाळीनंतर काढली, पण तिच्याबरोबर आवाजही गेला. खुणेनं सांगते, पाणी हवं तर भांडं वाजवते. परवा तिनं माझ्या मोबाईलकडं बोट दाखवलं. तू विहारात रेकॉर्ड केलेली, तिनंच रचलेली भीमगीतं तिला ऐकायची होती. मी तुझं चॅनल उघडलं. व्हिडिओत आई खंजिरी वाजवते आहे, ओठ हलताहेत, आणि आवाजच नाही. खाली लिहिलंय की हक्क असलेल्या कंपनीच्या दाव्यामुळं तो बंद केला आहे. आई पूर्ण व्हिडिओ तसाच बघत बसली. मूळ रेकॉर्डिंग तुझ्या फुटलेल्या फोनसोबतच गेलं, हे तिला कसं सांगू?

तीच गाणी कंपनीनं दुसऱ्या बाईच्या आवाजात काढली आहेत. डोणगावच्या जयंतीत डीजेवर वाजली. गीतकार म्हणून लिहिलंय, पारंपरिक. आईचं, तानाबाई हे नाव कुठंच नाही.

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार तू विसरला नसशील. बाबा अंगणात म्हणाले होते, "मायची गाणी इकून टाकली बे तुनं." तू एवढंच म्हणालास, "म्या हो म्हनलंच नाही, बाबा." कोणी मानलं नाही. कंपनीच्या कराराला होकार तुझ्याच मेलवरून गेला होता. त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस. आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

काल बुलढाण्याला एका वकीलबाईंना कागद दाखवले. त्या म्हणाल्या, गाणी रचली आईनं आणि तिची सही कुठंच नाही. जे दुसऱ्याचं आहे त्याचे हक्क कोणी परस्पर कसे देईल? लढता येईल. खात्री मात्र त्यांनी दिली नाही. होकार कोणी आणि कसा दिला, याचं प्रतिज्ञापत्र लागेल म्हणाल्या.

ते प्रतिज्ञापत्र उद्या मी करते आहे, प्रेमा. होकार गेला त्या दिवशी तू फोन चार्जिंगला लावून बाजारात गेला होतास. कंपनीचा मेल आला, आज शेवटचा दिवस. तू मला बजावलं होतंस, कराराची बारा पानं आहेत, वाचल्याशिवाय हात लावू नको. मला वाटलं, तू उगाच लांबवतोस आणि आईचं नाव मागं राहतंय. न वाचताच मी 'मान्य आहे'च्या चौकटीत खूण केली, आणि भीतीनं मेल पुसून टाकला. बाबा तुला बोलत होते तेव्हा मी दारातच उभी होते. तशीच आत वळले. आज सकाळी दोघांना सांगितलं. बाबा काठी घेऊन बाहेर निघून गेले. आईनं तिच्या पायावरचा माझा हात बाजूला केला, आणि खुणेनं तुझ्याबद्दल विचारलं. तो कागद तुझ्या हाती वकिलाकडून पडण्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. तू ये. मी समोर नको असेन तर तसं कळव, मी मावशीच्या पूनमकडं डोणगावला जाऊन राहीन.

तुझीच अपराधी,
समताताई