अण्णांना आलेलं बोलावणं

१२ नोव्हें., बुध.
बी.पी.ची गोळी विसरलो, सौ.ची बोलणी खाल्ली. गेवराईहून येताना दूधवाल्याने मोटारसायकल आडवी घालून थांबवलं. "गुरुजी, ब्रेकवरला पाय काढा की. उमापूरपस्तोर लाल दिवा दाखवित आलात." म्हटलं, पाय ब्रेकवर नव्हताच. तो हसला. मास्तरला गाडी येत नाही हे गावाचं जुनं मत, त्यात आज भर. गाडी अण्णांची, माझ्या थोरल्या भावाची. ते गेल्यापासून मीच अधूनमधून फिरवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. गंमत अशी की आपल्या गाडीचा मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही, मागच्याने सांगावं लागतं.

१४ नोव्हें., शुक्र.
दिवेलागणीला वहिनी ओसरीत उभ्या. पत्र्याच्या शेडकडे बघत होत्या. शेडात गाडीचे मागचे दिवे लागलेले, शेजारची कडब्याची गंजी लाल झालेली. गाडीत कोणी नाही. चावी माझ्या खिशात. मी जवळ जाईपर्यंत विझले.

परत आलो तर वहिनींनी ताटं घेतली होती. एक जास्तीचं.

मागच्या मार्गशीर्षात हेच झालं होतं. अण्णा बीडहून आले, गाडी शेडात लावली. वहिनींनी इथूनच लाल दिवे बघितले, आता उतरतील म्हणून ताट वाढलं. भाकरी निवली तरी येईनात, तेव्हा मी बघायला गेलो. बसल्या जागी गेले होते. ब्रेकवरचा पाय मीच काढला, मग दिवे गेले. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

आज भीती वाटली. लिहायला काय हरकत आहे.

१५ नोव्हें., शनि.
अण्णांचा मोबाईल वहिनी अजून चार्ज करून देवळीत ठेवतात. सकाळी घेऊन आल्या. "भाऊजी, मी वाचलं लागलं तसं. तुमी वाचा बरं." वर अण्णांचं पूर्ण नाव. खाली: 'सुरक्षेच्या कारणास्तव आपणास परत बोलावण्यात येत आहे. कृपया विलंब करू नये.' त्याखाली ब्रेक दिव्याच्या वायरिंगमधला दोष, मोफत दुरुस्ती, जवळची शोरूम वगैरे. कंपनी सदोष गाड्या दुरुस्तीला परत मागवते, तसला मेसेज.

जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे आधी संतापच आला. 'आपले वाहन' एवढं घालायचं राहिलं. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेलं दिसतं. बोलवायचं गाडीला, बोलावलं माणसाला. वहिनींना नीट समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाडी तर हितंच हाय. तिला कावून परत बोलवतील? त्यांनाच बोलावलंय."

आणि बोलावतंय कोण, ते त्या वाक्यात कुठेच नाही. कर्ता गाळायची ही सोय मीच पोरांना शिकवायचो.

१८ नोव्हें., मंगळ.
दिवा रोज लागतोय. कधी क्षणभर, कधी चहा पिऊन होईपर्यंत. सौ. म्हणते, जाऊबाई आज हसल्या. वरीस झालं त्यांना हसून.

शोरूमला फोन लावला. पोरगी चांगली बोलली. वायर घासते, मग दिवा आपोआप लागतो किंवा ब्रेक दाबूनही लागत नाही. "आणि सर, वायर तापते. जवळ पेट घेणारं काही ठेवू नका." जवळ वर्षाचा कडबा.

वहिनींना म्हटलं, गाडी बीडला नेतो.
"नीट केल्यावर आपुआप लागंल का दिवा?"
"नाही."
"मंग नका नेऊ."

२० नोव्हें., गुरु.
संध्याकाळी शेडात जळका वास. वहिनी गाडीत, अण्णांच्या शेजारच्या सीटवर. मांडीवर झाकलेलं ताट. दिवा लागलेला. मी ओरडलोच. "वहिनी, जळून मराल इथं."

त्या उतरल्या, पदर सारखा केला. आवाज अजिबात चढवला नाही. "एकदा तुमी त्यांचा पाय काढला, भाऊजी. त्याला इलाज नव्हता. दुसऱ्यांदा नका काढू."

जेवण गेलं नाही. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि खोडताही येत नाही. पण कडबा पेटला तर वहिनी जातील. नेलीच पाहिजे.

२१ नोव्हें., शुक्र.
सांगून नेली. वहिनी ओसरीत आल्या नाहीत.

वाटेत उसाच्या ट्रॉल्या, एकीलाही मागे दिवा नाही. त्यांना परत बोलावणारं कोणी नाही. शोरूममध्ये काम लगेच झालं. काढलेली वायर मेकॅनिकने हातात दिली, वरचं प्लास्टिक घासून गेलेलं, तांबं उघडं. इतकं हायसं वाटलं की ती मागून घेतली. घरी येऊन वहिनींना दाखवली. बोटांत फिरवून बघितली.
"एवढंच?" म्हणाल्या.

२५ नोव्हें., मंगळ.
दिवा नाही. वहिनी ओसरीत चार पावलं पुढे येऊन उभ्या राहतात, अंधार पडला की आत जातात. जास्तीचं ताट वाढायचं बंद. स्वतःचंही तसंच उचलून ठेवतात. सौ. म्हणाली, "दोन घास बी न्हाई जात त्यांना. तुमी दुरुस्त करून आणलं, आता तुमीच बघा." डॉक्टर म्हणतात, सलाईन लावू. सलाईनने काय होणार आहे...

२७ नोव्हें., गुरु.
आज केलं. लिहितानाही लाज वाटते. दिवेलागणीच्या आधी मागच्या बाजूने शेडात गेलो, अण्णांच्या सीटवर बसलो, डोकं दिसू नये म्हणून खाली घसरलो आणि ब्रेक दाबला. गंजी लाल झाली. आरशात वहिनी ओसरीच्या कडेपर्यंत आलेल्या दिसल्या. शाळेशाळेत भानामतीविरुद्ध भाषणं ठोकणारा मी.

पायाला गोळा येईपर्यंत दाबून धरला. मग एकाएकी वाटलं, पाय उचलत नाही. जड. हा त्या जागी ठेवलेला पाय आपला का त्यांचा, आणि काढायला आता कोण येणार? दोन्ही हातांनी मांडी धरून उचलला.

आत आलो तर वहिनी जेवत होत्या. भाकरी मागून घेतली.

३० नोव्हें., रवि.
रोज जातो. सौ.ला कळलंय, संध्याकाळचा चहा लवकर देते. वहिनींच्या तोंडावर रंग आला. किती दिवस करणार? थांबलो तर त्या थांबतील.

४ डिसें., गुरु.
अण्णांचं वर्षश्राद्ध आटोपलं. पाहुणे गेले. संध्याकाळी बसून आलो. अण्णांची फार आठवण आली, रडलो. पाय ब्रेकवरच होता.

६ डिसें., शनि.
मी नि सौ. तलवाड्याला लग्नाला. ट्रॉल्यांच्या भीतीने गाडी काढली नाही, एस.टी.ने गेलो. येताना नको तेच झालं, एक ट्रॉली आडवी पडलेली, रस्ता बंद, दिवेलागण वाटेतच झाली. सारखी वहिनींची काळजी. सौ. म्हणाली, आज उपाशीच निजतील बघा. गाडीला कुलूप, चावी माझ्या खिशात, चाचपून बघत होतो.

घरी पोचलो तर वहिनी न्हाणीत ताटं घासत होत्या. ताटं दोन.
"जेवलात?"
"जेवले की."

पुढचं त्यांनीच सांगितलं. "इतके दिस तुमी बसत व्हता, भाऊजी. कळत व्हतं मला. तुमी आपलं दाबून धरता, पाय भरून येईपस्तोर. बरं वाटायचं, आपल्यासाठी कोण बसतंय म्हणून. लई उपकार झाले तुमचे." एक ताट पुसून सौ.च्या हातात दिलं, मग दुसरं. "आज ते व्हते."

सौ. माझ्याकडे बघते, मी सौ.कडे. चावी अजून खिशातच आहे, काढून खुंटीला लावायचं धाडस होत नाही.

उद्या संध्याकाळी जायचं का? आणि गेलोच, तर गाडीचं दार उघडण्याआधी वाजवायचं का, काही ठरत नाही.