हात न लावता हरभरा

१९ ऑक्टोबर, रविवार.
ही मुलीकडे गेली. कारण क्षुल्लक. रिटायर झाल्यावर घराला शिस्त लावावी म्हणून मी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. हिने सवयीने चहात मीठ घातलं आणि दोष मला. दारातून म्हणाली की मूठभर हरभरा पेरा. त्याला पाणी नको, खत नको, तुम्ही तर मुळीच नको. हात न लावता घाटे धरले तर त्याच दिवशी परत येईन.
डाव्या हातचा मळ.

२२ ऑक्टोबर.
गच्चीत पाच कुंड्या, प्रत्येकीवर नंबर. संध्याकाळी दाणे उकरून पाहिले. अंकुर नाही. परत पुरले. याला हात लावणं म्हणता येणार नाही. चमचा वापरला.

३० ऑक्टोबर.
उगवले! तीन नंबर कामचुकार निघाला. खालचा शिंपी कपडे वाळत घालायला वर आला होता. म्हणाला की साहेब, तुमच्या हाताला यश आहे. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं इतकं सोपं नाही.
त्याला दोन कप चहा पाजला.

९ नोव्हेंबर.
मुलीला फोन. आईला दे म्हटलं. आई फिरायला गेलीय म्हणाली. हिला फिरायची आवड कधीपासून? पाणी किती घालू विचारलं. मुलगी म्हणाली, बाबा, जवळजवळ नाहीच. जवळजवळ म्हणजे किती, हे सांगायच्या आत तिला काम निघालं. दिवसातून दोनदा ठरवलं.

२३ नोव्हेंबर.
पानं पिवळी. अशक्तपणा असणार. पाणी तीनदा. शेंडे खुडले की फुटवा येतो असं वाचलं. सगळे खुडले.

७ डिसेंबर.
एक, दोन, चार गेले. पाच नंबरला काठी, सुतळी आणि माझी छत्री.
घर फार मोठं वाटतं. डबे पुन्हा हिच्यासारखे लावायला बसलो. हिचा क्रम आठवेना. इतकी वर्षं रोज समोर होता.

१५ डिसेंबर.
पाचही गेला. बी हलकं होतं.

९ जानेवारी.
चमत्कार! पाण्याच्या टाकीमागे, सिमेंटच्या भेगेत हरभरा! पेरताना दाणा सांडला असणार. वीतभर उंची, दोन घाटे. तिकडे मी कधी फिरकलोच नव्हतो. फोटो पाठवला. हिचा स्वतःहून फोन आला. खरंच हात नाही लावला, असं तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हटलं, तेही खरं. रविवारी येते म्हणाली. आवाज हसरा होता. मला रडूच आलं.

१० जानेवारी.
ही येणार आणि झाड भेगेत? बरं दिसत नाही. नवी कुंडी आणली. अलगद काढलं. मूळ फार खोल होतं. थोडंसंच तुटलं. तांब्याभर पाणी घातलं.

११ जानेवारी, रविवार. सकाळ.
झाडाने मान टाकली.
हिचा फोन. निघते म्हणाली. मी म्हटलं, आज नको, थंडी फार आहे, सावकाश ये. हिने विचारलं, काढलंत ना?
मी म्हटलं, चमच्याने.
तिने फोन ठेवला.

दुपार.
मूठभर हरभरा भिजत घातलाय. या वेळी अजिबात हात लावायचा नाही. फुगलाय का, ते मघाशी दोनदा पाहिलं.