माळ्यावरचा रोटर आणि सकाळचे दव

मी, दशरथ बाबल धुरी, वय ७३, धंदा हार्वेस्टरचे मळणी ड्रम बनवणे, राहणार मुलुंड पूर्व, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी गळ घातलेली नाही. उलट घरातले म्हणत होते, एवढ्यात कशाला. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी राधा हिची, तिच्यामागे दोन्ही मुलांची सारखी. मुलगा सिद्धेश दहिसरच्या टॉवरमध्ये सुखात आहे. आईला तिकडे नेण्याचा हट्ट त्याने करू नये, विसाव्या मजल्यावर तिला गरगरते.

२. शोकसभेत सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलू देऊ नये. त्याची दोन मिनिटे पाऊण तास चालतात.

३. भांडुपचा गाळा, लेथ आणि सगळी हत्यारे मुलगी मानसी हिची. बारा वर्षे ती तिथे उभी आहे. सिद्धेशने दोनदा बिल्डर आणला, तिसऱ्यांदा आणू नये. अर्धा गाळा मी अंबादास गाडेकर याला लिहिला होता. तो का खोडला, ते कलम ५ मध्ये.

४. गाळ्याच्या माळ्यावर एक रोटर आहे. तो अंबादासने बनवलेला आहे. माझा नाही, म्हणून मला तो कोणाला देता येत नाही.

अंबादास माझा भागीदार. माझा ड्रम यंत्रात आडवा बसतो. पीक त्यावर एकदाच आपटते, काड लांब राहते, पण दाणा फुटतो. अंबादासचा रोटर यंत्राच्या लांबीत बसतो. पीक त्याभोवती फिरत फिरत मळले जाते, दाणा शाबूत राहतो. मात्र काड ओले असले की त्याला गुंडाळते आणि इंजिन दमते. हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

मार्च २००७ मध्ये एका कारखानदाराने निफाडजवळ गव्हाच्या शेतात दोन्हींची चाचणी ठेवली. वेळ मी ठरवली. अंबादासचे यंत्र सकाळी सातला दवात घातले, माझे दुपारी दोनला कडक उन्हात. मागे ताडपत्री धरून वाया गेलेले दाणे मोजले. अंबादासचा रोटर तीनदा अडकला. कारखानदाराने माझा ड्रम घेतला. वहीत मी दोन्हींपुढे एकच वेळ लिहिली.

अंबादास सांताक्रूझला दुसऱ्याच्या लेथवर नोकरीला गेला. दर दसऱ्याला आम्ही गाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार घालतो. त्या रोटरला मी घालू दिला नाही, त्याच्याकडे बघवत नव्हते. राधाला मी खरे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुमका झोप तरी कशी लागता?" मला लाज वाटते. ती इथे लिहून ठेवतो.

मानसीने या मार्चमध्ये दोन्ही यंत्रे एकाच शेतात, एकाच दुपारी चालवावीत. निकाल काहीही येवो, त्याच जुन्या वहीत लिहावा.

५. काल अंबादासला घरी बोलावून हे वाचायला दिले. चष्मा पुसून त्याने दोनदा वाचले. साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाला. सोबत माझे वकील होते, ते म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोर्टात भांडण निघते. दोन्हींपैकी एक निवडा.

अंबादास म्हणाला, "गाळा पोरीला दे, दशरथ. वेळ खोटी होती हे तू लिहिलंयस ना, त्याच्याखाली माझी सही पाहिजे."

म्हणून वाटा खोडला. खोडल्याच्या जागी दोघांच्या सह्या आहेत. रोटर तो परवा टेम्पो आणून नेणार आहे, मार्चच्या चाचणीला शेतावर आणील. मानसीने त्याला आधी हार घालावा, दसरा नसला तरी.

याउपर मला काही सांगायचे नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: दशरथ बाबल धुरी

साक्षीदार १: डॉ. श्रुतिका सामंत, मुलुंड पूर्व

साक्षीदार २: अंबादास गाडेकर, दहिसर. पूर्ण वाचले. सकाळी सात, बरोबर आहे.

मुलुंड पूर्व, दि. १२ जानेवारी २०२६